प्रजाती, समीकरणं आणि ‘स्टेबल’ या शब्दाचा घोळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इकोसिस्टिममधल्या प्रजातींचं हे गणिती मॉडेलिंग म्हणजे नेमकं करतात काय?

प्रत्येक प्रजातीची संख्या हा एक आकडा धरायचा आणि तो आकडा किती वेगाने वाढतोय किंवा घटतोय याचं एक समीकरण लिहायचं, त्या समीकरणात बाकीच्या प्रजातींचे आकडेही येतात कारण कोण कोणाला खातं, कोण कोणाची जागा बळकावतं, कोण कोणाला मदत करतं त्यावर हा वेग ठरतो. बस, एवढंच. दोन प्रजाती असतील तर दोन समीकरणं, शंभर असतील तर शंभर, आणि खरी डोकेदुखी समीकरणांची नसतेच, त्यांच्यामधल्या नात्यांची असते. शंभर प्रजातींत स्वतःचा स्वतःवरचा परिणाम सोडला तरी ९९०० नाती शक्य असतात, आणि त्यातली बहुतेक कोणी कधी मोजलेलीच नसतात.

शिकारी-भक्ष्याच्या मॉडेलला ज्याचं नाव आहे तो लोटका-व्होल्टेरा हा एकच माणूस का?

नाही हो, दोन वेगळे. आल्फ्रेड लोटका अमेरिकेत काम करत होता आणि त्याचं पुस्तक १९२५ चं, वीतो व्होल्टेरा इटलीतला नावाजलेला गणिती आणि त्याचा लेख १९२६ चा. दोघांनी स्वतंत्रपणे जवळपास तीच समीकरणं मांडली.

व्होल्टेराची गोष्ट जास्त मजेशीर आहे. त्याचा जावई उंबेर्तो द’आंकोना हा जीवशास्त्रज्ञ एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या मासळी बाजारांचे आकडे बघत होता, त्याला दिसलं की पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत मासेमारी कमी झाली तेव्हा पकडलेल्या माशांमध्ये शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं. का, हे सासऱ्याला विचारलं. उत्तर समीकरणात सापडलं. त्या मॉडेलमध्ये भक्ष्याची सरासरी संख्या ठरते ती शिकाऱ्याच्या मृत्युदरावरून, आणि शिकाऱ्याची सरासरी संख्या ठरते भक्ष्याच्या वाढीच्या वेगावरून. (हो, उलटं वाटतं, दोनदा वाचा.) मासेमारीने दोघंही मरतात, म्हणजे शिकाऱ्याचा मृत्युदर वाढला आणि भक्ष्याचा वाढीचा वेग कमी झाला, म्हणून सरासरीत भक्ष्य वाढतं आणि शिकारी घटतात. मासेमारी थांबवली की चित्र उलटं. कीटकनाशकांच्या बाबतीतही हेच घडू शकतं, औषधाने कीड आणि किडीला खाणारे किडे दोन्ही मरतात आणि थोड्या दिवसांनी कीड आधीपेक्षा जोरात परत येते.

या मॉडेलमध्ये शिकारी-भक्ष्याचे आकडे लाटेसारखे वरखाली होत राहतात, ती लाट निसर्गात खरंच दिसते का?

दिसते, पण पुस्तकातल्या इतकी सरळ नाही. प्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या लिंक्स मांजराचं आणि स्नोशू सशाचं, हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या व्यापाराच्या नोंदींमधून साधारण दहा वर्षांचं चक्र दिसतं. सगळे इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, मॉडेल जुळलं. पण १९७३ मध्ये मायकल गिल्पिनने तेच आकडे समीकरणात बसवून पाहिले तर काही काळात लिंक्सची लाट सशाच्या आधी येत होती, म्हणजे आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर ससेच लिंक्सला खातायत! एक लक्षात ठेवायला हवं की त्या नोंदी सापळ्यात सापडलेल्या कातड्यांच्या आहेत, जंगलातल्या जिवंत प्राण्यांच्या नाहीत.

नंतर कॅनडातल्याच युकॉनमधल्या क्लुआनी भागात मोठे प्रयोग झाले. शिकारी बाहेर ठेवले तर सशांची घनता साधारण दुप्पट, जादा खाद्य दिलं तर तिप्पट, आणि दोन्ही एकदम केलं तर अकरा पट. दुप्पट गुणिले तिप्पट म्हणजे सहा, आणि निघाले अकरा! म्हणजे हा दोघांचा खेळ नाहीच, त्यात झाडझुडूपही तिसरा भिडू आहे.

मग लोटका-व्होल्टेरा चुकीचं आहे असं म्हणायचं का?

मूळ मॉडेल फारच नाजूक आहे असं म्हणा. त्यात लाट किती मोठी हे फक्त सुरुवातीच्या आकड्यांवर ठरतं, मधे धक्का दिला की ती नव्या लाटेवर जाऊन बसते आणि जुनीकडे कधीच परत येत नाही. समीकरणात जरासा बदल केला तरी चित्र पालटतं. भक्ष्याला वाढीची मर्यादा घाला, जी कल्पना व्हेर्हुल्स्टने १८३८ मध्येच मांडली होती, की लाटा हळूहळू शांत होऊन एका बिंदूवर येतात.

आता शिकाऱ्याला पोट भरण्याची मर्यादा घाला. हे काम हॉलिंगने १९५९ मध्ये केलं, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सहायकाला टेबलावरच्या सँडपेपरच्या चकत्या चाचपडत उचलायला लावून (माझा सगळ्यात आवडता प्रयोग). चकत्या वाढवल्या तरी उचलण्याचा वेग एका मर्यादेनंतर वाढत नाही कारण प्रत्येक चकती उचलून बाजूला ठेवायलाच वेळ जातो. ही मर्यादा घातलीत की त्याच मॉडेलमध्ये एक विचित्र गोष्ट होते, भक्ष्याला खायला भरपूर द्यायला लागलात की समतोल मोडतो आणि मोठ्या लाटा सुरू होतात, इतक्या मोठ्या की तळाला गेल्यावर एखादी प्रजाती संपूही शकते. रोझेन्झ्वाइगने हे १९७१ मध्ये दाखवलं. समृद्धी वाढवली म्हणून व्यवस्था कोसळली!

‘स्टेबल’ म्हणजे नक्की काय?

निम्मी भांडणं या एका शब्दामुळे होतात. दोन माणसं तासभर वाद घालतात आणि शेवटी कळतं की दोघं वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होते.

कोणी म्हणतं स्टेबल म्हणजे छोटा धक्का दिल्यावर परत जागेवर येणारं. कोणाच्या मते किती पटकन परत येतं ते महत्त्वाचं. कोणाला फक्त एवढंच हवं असतं की कोणतीही प्रजाती संपू नये, मग आकडे कितीही नाचोत. हॉलिंगने १९७३ मध्ये अजून एक गोष्ट पुढे आणली, किती मोठा धक्का सहन होतो त्याआधी व्यवस्था दुसऱ्याच अवस्थेत जाऊन पडते. आणि शेतावरच्या किंवा माळावरच्या माणसाला बऱ्याचदा स्टेबल म्हणजे वर्षागणिक एकूण उत्पादन फारसं बदलत नाही एवढंच म्हणायचं असतं.

हे सगळे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मिनेसोटातल्या सीडर क्रीकच्या गवताळ प्रयोगांमध्ये डेव्हिड टिलमनच्या गटाला दिसलं की जास्त प्रजाती असलेल्या तुकड्यांमध्ये एकूण वाढ वर्षानुवर्षं जास्त स्थिर राहते, पण एकेका प्रजातीचा आकडा मात्र स्थिर राहीलच असं नाही, एक कमी झाली की दुसरी ती जागा भरून काढते. म्हणजे एकाच माळावर ‘स्टेबल आहे’ म्हणणारा आणि ‘नाही’ म्हणणारा दोघंही बरोबर असू शकतात. म्हणून कोणी स्टेबल म्हणालं की आधी विचारा, कशाची स्थिरता आणि कशासमोर.

आयगेनव्हॅल्यू न घाबरता समजावून सांगाल का?

प्रयत्न करतो. समतोल बिंदूपाशी उभे राहा. तिथे प्रत्येक प्रजाती थोडीशी वाढली तर प्रत्येक दुसऱ्या प्रजातीच्या वाढीच्या वेगावर काय परिणाम होतो याचा एक चौकोनी तक्ता करा, ओळीत कोणावर परिणाम, रकान्यात कोणाचा परिणाम. याला कम्युनिटी मॅट्रिक्स म्हणतात. आता व्यवस्थेला हलकासा धक्का द्या. तो धक्का काही ठरावीक दिशांमध्ये मोडता येतो आणि प्रत्येक दिशेतला भाग आपापल्या वेगाने वाढतो किंवा विरतो, तो वेग म्हणजे आयगेनव्हॅल्यू. सगळ्यांचा वास्तव भाग (वाढ-घट सांगणारा, दुसरा भाग फक्त हेलकावे दाखवतो) ऋण असेल तर धक्का विरतो, एकाचा जरी धन निघाला तर त्या दिशेने गाडी घसरली.

आकडाही उपयोगाचा असतो. सगळ्यात मंद दिशेची आयगेनव्हॅल्यू दर वर्षाला उणे ०.१ असेल तर धक्का निम्मा व्हायला साधारण सात वर्षं लागतात. उणे १ असेल तर आठ महिने. कागदावर दोन्ही ‘स्टेबल’च, पण दर पाच वर्षांनी दुष्काळ पडत असेल तर पहिली व्यवस्था कधी धड उभीच राहत नाही.

अजून एक, हे सगळं फक्त छोट्या धक्क्यासाठी आहे, मोठ्या धक्क्याबद्दल हा तक्ता काहीच सांगत नाही आणि लोक हे विसरतात.

जितक्या प्रजाती जास्त तितकी इकोसिस्टिम भक्कम, हे तर शाळेतच शिकवतात ना?

शिकवतात, आणि १९५० च्या दशकात मोठमोठी माणसंही हेच म्हणत होती. मॅकआर्थरने १९५५ मध्ये म्हटलं की अन्न मिळण्याचे मार्ग जास्त असले तर एक मार्ग बंद झाल्याने फार बिघडत नाही. एल्टनने १९५८ मध्ये दाखले दिले, एकाच पिकाच्या शेतात कीड लवकर माजते, छोट्या बेटांवर बाहेरून आलेल्या प्रजाती सहज घुसतात वगैरे.

मग १९७२ मध्ये रॉबर्ट मे आला, मूळचा भौतिकशास्त्रज्ञ, ऑस्ट्रेलियाचा. त्याने काय केलं तर तो वरचा तक्ता चक्क रँडम आकड्यांनी भरला. प्रजातींची संख्या एस, कोणत्याही दोन प्रजातींत नातं असण्याची शक्यता सी, नात्यांच्या ताकदीचा पसारा सिग्मा, आणि प्रत्येक प्रजाती स्वतःला जो ब्रेक लावते तो १. निष्कर्ष असा की सिग्मा गुणिले (एस गुणिले सी) चं वर्गमूळ हे १ पेक्षा कमी असेल तरच व्यवस्था जवळपास नक्की स्टेबल, जास्त असेल तर जवळपास नक्की अनस्टेबल.

आकडे घालून बघा. १०० प्रजाती, दर दहा जोड्यांत एक नातं. एस गुणिले सी म्हणजे १०, वर्गमूळ ३.१६, म्हणजे सिग्मा ०.३१६ च्या खाली पाहिजे. प्रजाती ४०० केल्या आणि नात्यांचं प्रमाण तेच ठेवलं तर मर्यादा ०.१५८ वर येते. म्हणजे प्रजाती चौपट झाल्या तर नाती निम्म्या ताकदीची हवीत. गुंतागुंत वाढली की स्थिरता अवघड होत जाते, शाळेत शिकवलेलं त्याच्या बरोबर उलट!

म्हणजे मे बरोबर आणि जंगल चूक?

जंगल कसं चूक असेल. मेने स्वतःसुद्धा असं म्हटलं नव्हतं, त्याचा मुद्दा हा की गुंतागुंत आपोआप स्थिरता देत नाही, तेव्हा खऱ्या अन्नजाळ्यांत रँडम नसलेलं असं काय आहे ते शोधा. गेली पन्नास वर्षं लोक तेच शोधतायत आणि माझ्या मते या विषयातला सगळा रस इथेच आहे.

पहिली गोष्ट, नात्यांची चिन्हं. २०१२ मध्ये अलेसिना आणि टांग यांनी दाखवलं की सगळी नाती शिकारी-भक्ष्याची असली, म्हणजे एकाचा फायदा तिथे दुसऱ्याचा तोटा, तर मर्यादा खूप सैल होते. वरचं १०० प्रजातींचं उदाहरण घ्या, ताकदीचे आकडे घंटेच्या आकाराच्या वितरणातून काढलेत असं धरा, तर ०.३१६ ची मर्यादा ०.८७ पर्यंत जाते. उलट नाती फक्त स्पर्धा आणि सहकार्य यांची मिसळ असतील तर ती ०.१९ वर घसरते. तीच प्रजातींची संख्या, तेवढीच नाती, फक्त चिन्हांच्या जोड्या बदलल्या. कारण समजायला सोपं आहे, शिकारी-भक्ष्याच्या जोडीत एक वाढला की दुसरा त्याला खाली ओढतो, हा घरातला ब्रेक आहे.

दुसरी गोष्ट, कमकुवत नाती. १९९८ मध्ये मॅककॅन, हेस्टिंग्ज आणि हक्सेल यांनी मॉडेलमधून दाखवलं की थोडी जोरदार आणि पुष्कळशी कमकुवत नाती असतील तर ती कमकुवत नाती जोरदार नात्यांच्या लाटा दाबून धरतात. खऱ्या अन्नजाळ्यांतही बहुतेक नाती कमकुवतच आढळतात. म्हणून ‘ही प्रजाती फारसं काही करत नाही, गेली तर काय बिघडतं’ असं कोणी म्हणालं की मला जरा धडकीच भरते.

तिसरं म्हणजे मेच्या गणितात समतोल बिंदू आहे हे गृहीतच धरलेलं आहे. सगळ्या प्रजातींचे आकडे शून्याच्या वर असलेला बिंदू मुळात मिळायला तर हवा ना. पुष्कळदा व्यवस्था अनस्टेबल व्हायच्या आधीच इथे अडकते, एखाद्या प्रजातीचा समतोलाचा आकडा ऋण निघतो, म्हणजे ती जगूच शकत नाही.

सहकार्याने स्थिरता कमी होते हे जरा अन्यायकारक नाही का?

वाटतं खरं. पण दोन प्रजाती एकमेकींना मदत करतायत आणि त्या मदतीला मर्यादाच नाही असं समीकरण लिहा, मदत जरा जोरात ठेवा आणि रन करा. दोघी एकमेकींना चढवत अनंताकडे निघतात, थोड्या वेळाने कॉम्प्युटर एरर देतो. त्यात मर्यादा घालावी लागते. मधमाशी एका दिवसात किती फुलं फिरणार, शेवटी तिलाही वेळ लागतो (हॉलिंगच्या चकत्या आठवल्या?).

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल २०१५ मध्ये कोइट आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला, की जिवाणू एकमेकांवर फार अवलंबून असतील तर एक कोसळल्यावर दुसराही कोसळतो, आणि स्पर्धा असेल तर ती उलट हा सांधा सैल करते.

दोन प्रजाती एकाच गोष्टीवर जगत असतील तर एक संपतेच ना?

गाउझेने १९३४ मध्ये परीक्षानळीत पॅरामिशियम या एकपेशीय जिवाच्या दोन प्रजाती एकत्र वाढवून तेच दाखवलं. समीकरण म्हणतं की दुसऱ्याने मला दिलेला त्रास मी स्वतःला दिलेल्या त्रासापेक्षा कमी असेल, दोन्ही बाजूंनी, तरच दोघं टिकतात. दोघांची क्षमता (एकटं असताना जास्तीत जास्त किती टिकतील तो आकडा) सारखी आणि एकमेकांवरचा परिणाम स्वतःवरच्या परिणामाच्या ०.५ पट असेल तर दोघं एकट्याच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशावर स्थिरावतात. परिणाम १.५ असेल तर ज्याने आधी जागा धरली तो जिंकला.

पण मग समुद्राच्या एका बादलीभर पाण्यात मोजक्या पोषक द्रव्यांवर प्लँक्टनच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या) कितीतरी प्रजाती कशा राहतात? हचिन्सनने १९६१ मध्ये हा प्रश्न विचारला आणि त्याला आजही एकच एक उत्तर नाही, एक भाग हा की परिस्थिती सतत बदलते आणि कोणी जिंकायच्या आत नियम बदलतात.

शिकारी मारले तर भक्ष्य वाढणार, यात मॉडेल कशाला हवं?

दोघंच असतील तर नको. पण नैर्ऋत्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न आला होता, फर सील हेक मासा खातात तेव्हा सील मारले तर कोळ्यांना हेक जास्त मिळेल का. पीटर योड्झिसने तिथलं अन्नजाळं मांडून पाहिलं तर सीलपासून हेकपर्यंत आठपेक्षा कमी टप्प्यांचे रस्तेच कोटींच्या घरात निघाले. सील हेकला खाणारे इतर मासेही खातात, शिवाय हेक स्वतःच्या पिल्लांनाही सोडत नाही. सगळे रस्ते धरून हिशोब केला की फायद्याची खात्री राहत नाही, उलट तोट्याची शक्यता चांगलीच दिसते. सरळ बाण बघून निर्णय घेणारे इथे हमखास फसतात.

रॉबर्ट पेनचा प्रयोग तर याहून साधा. वॉशिंग्टनच्या खडकाळ किनाऱ्यावर तो एक जातीचा तारामासा उपटून पाण्यात फेकत राहिला, आणि १५ प्रजातींच्या जागी ८ उरल्या. शिकारी काढला आणि ‘भक्ष्य’ वाढलं खरं, पण फक्त शिंपले वाढले आणि त्यांनी बाकीच्यांची जागा खाल्ली.

आकडे वेडेवाकडे नाचतायत म्हणजे बाहेरून काहीतरी गडबड आहे असंच ना?

असेलच असं नाही. मेने १९७६ मध्ये दाखवलं की पिढीगणिक चालणाऱ्या एका साध्या लॉजिस्टिक, म्हणजे वाढीला मर्यादा असलेल्या, समीकरणात वाढीचा आकडा ३ च्या वर गेला की संख्या दोन आकड्यांमध्ये उडी मारायला लागते, आणि साधारण ३.५७ नंतर केऑस, म्हणजे नियम ठरलेला असूनही पुढचा अंदाज न येणारा नाच. हवामान नाही, रोग नाही, तरी नाच चालू. २००८ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या प्लँक्टनवरचा सहा वर्षांहून जास्त चाललेला एक प्रयोग छापून आला, परिस्थिती बाहेरून कायम ठेवलेली आणि तरी प्रजाती केऑटिक पद्धतीने वरखाली होत राहिल्या, १५ ते ३० दिवसांच्या पुढचा अंदाज निरुपयोगी. आणि कोणी संपलं नाही! आयगेनव्हॅल्यूच्या भाषेत अनस्टेबल, टिकण्याच्या भाषेत मस्त.

पॅरामीटर, म्हणजे समीकरणात घालायचे आकडे, कुठून आणायचे?

इथेच घोडं अडतं. पोटात काय सापडलं ते तपासून, पिंजऱ्यातले प्रयोग करून, शरीराच्या आकारावरून अंदाज काढून, किंवा वर्षानुवर्षांच्या मोजणीला समीकरण बसवून. शेवटचा मार्ग सगळ्यात मोहात पाडणारा आहे आणि सगळ्यात धोक्याचा, कारण वीस वर्षांच्या मोजणीला चारपाच वेगवेगळी मॉडेलं सारखीच छान बसतात. आणि मॉडेलबाहेरचंही काही येऊन आदळतं. सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस (मोठी हरणं) मोजतायत, एक शिकारी, एक मोठं भक्ष्य, याहून स्वच्छ उदाहरण काय मिळणार. तर १९८० मध्ये ५० असलेले लांडगे दोन वर्षांत १४ वर आले, आणि त्यामागे मूस नव्हते, कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस होता.

मला घरी करून बघायचंय, सुरुवात कुठून करू?

पायथन किंवा आर (प्रोग्रॅमिंगच्या भाषा), जे येतं ते. दोन प्रजातींपासून सुरुवात करा, एकदम पन्नासवर उडी नको. आणि एक कळकळीची विनंती, यूलरची पद्धत (वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकत समीकरण सोडवायची सगळ्यात साधी रीत) वापरू नका. मी पहिल्यांदा लोटका-व्होल्टेरा यूलरने सोडवलं, लाटा दर फेरीला मोठ्या होत गेल्या आणि मी दोन दिवस त्याचा जीवशास्त्रीय अर्थ लावत बसलो होतो, कोल्ह्यांची हाव वगैरे, वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. अर्थबिर्थ काही नव्हता, ती पद्धतच दर पायरीला थोडी बाहेर सरकते. तयार सॉल्व्हर वापरा आणि पायरी निम्मी करून उत्तर तेच येतं का बघा.

माझ्या मॉडेलमध्ये ०.००००१ कोल्हा शिल्लक आहे आणि नंतर त्यातून परत हजार कोल्हे झाले, हे चालतं का?

नाही चालत, पण तुम्ही एकटे नाही. कोल्ह्यांमधल्या रेबीजच्या एका गाजलेल्या मॉडेलमध्ये रोगट कोल्ह्यांची घनता एका कोल्ह्याच्या अब्जाव्या भागाच्याही अब्जाव्या भागापर्यंत खाली गेली आणि त्यातूनच रोगाची पुढची लाट उठली, १९९१ मध्ये मॉलिसनने हे दाखवून दिलं. सलग बदलणाऱ्या आकड्यांना मरण माहीत नसतं. उपाय म्हणजे एक उंबरठा ठेवा, त्याखाली गेलं की शून्य करा, किंवा एकेक प्राणी मोजणारं आणि जन्ममृत्यू फाशांवर सोडणारं मॉडेल लिहा. मग तेच मॉडेल दहा वेळा रन केलं तर काही वेळा कोल्हे परत येतील आणि काही वेळा येणार नाहीत, तेव्हा एका रनचा ग्राफ मला पाठवून ‘बरोबर आहे का’ विचारू नका, निदान शंभर रन पाठवा.